नाताळात आभाराचा केक: कोणाकडे कोणता पाठवावा

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वर्ष धावपळीत गेलं आणि त्या काळात पुष्कळ जणांनी हात दिला. डॉक्टर, वॉर्डातल्या नर्स, वाड्यावरचं ख्रिश्चन कुटुंब, मुलीच्या ट्यूशनच्या टीचर, पोस्टमन, घरी कामाला येणाऱ्या मावशी, अशी बारा-पंधरा घरं होतात. नाताळाच्या निमित्तानं प्रत्येकाला घरी केलेला केक द्यायचाय. २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, साधा स्पंज जमतो, पण एवढे केक एका दमात कधी केलेले नाहीत. कोणता केक करावा, किती दिवस आधी, अंड्यांचं काय, कसा बांधावा? आणि बेबिंका केली तर जास्त छान दिसेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बेबिंका नको. तिचा एक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर तांबूस होईपर्यंत थांबायचं, तूप सोडायचं, मग दुसरा थर. असे निदान सात. एका बेबिंकेपायी अख्खी दुपार जाते, बलक डझनाच्या हिशेबात लागतात आणि उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. पंधरा घरांसाठी हा उद्योग करायला घेतलात तर नाताळाला तुम्हीच आजारी पडाल. शिवाय २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जीआय मानांकन मिळाल्यापासून तिचा बोलबाला आणखी वाढलाय. कुठल्याही बऱ्या बेकरीत ती चांगली मिळते, आणि ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांच्यापुढे आपली पहिलीवहिली बेबिंका ठेवण्यात शहाणपणा नाही.

मी म्हापशात घरून केकच्या ऑर्डरी घेते. डिसेंबरात भेटीच्या केकच्या ऑर्डरी सर्वांत जास्त असतात आणि लोक विचारतात ते बहुतेक दिसण्याबद्दल: वर आयसिंग करता का, सांताक्लॉज बसवता का. मी उलट विचारते, केक जातोय त्या घरात फ्रिजमध्ये जागा आहे का? अंडं खातात का? खात असतील तर कोणत्या वारी? घरात कोणाला मधुमेह आहे का? आभाराचा केक आपल्या हौसेनं ठरवला की तो सुंदर होतो आणि दोन दिवसांनी कचऱ्यात जातो. क्रीमचा केक तर या कामाला बादच. तो मिळाल्याबरोबर कापावा लागतो, म्हणजे समोरच्याच्या संध्याकाळचं वेळापत्रक आपण ठरवून टाकतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो. स्कूटरवरून फोंड्याहून मडगावला जाईपर्यंत त्या क्रीमचं काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा मुख्य केक एकच ठरवा: सुक्या मेव्याचा, लहान लोफच्या आकाराचा, वर काहीही न लावलेला. बाहेर टिकतो, हवा तेव्हा हवा तेवढा कापता येतो, चहाबरोबर चालतो. अंडं न खाणाऱ्यांसाठी दुसरा, रवा-खोबऱ्याचा. आणि तुमच्या ख्रिश्चन शेजाऱ्यांसाठी तिसराच.

त्या शेजाऱ्यांचं आधी सांगते, कारण तिथं बहुतेक जण गडबडतात. नाताळच्या आठवड्यात त्यांच्या घरी काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. दोदोल, नेवऱ्यो, कुलकुलं, दोस, पेराद, बोलिन्ह, आणि रवा-नारळाची बातिका. घरोघरी कुस्वादची, म्हणजे नाताळच्या गोडधोडाची, ताटं फिरत असतात, त्यातली एक-दोन तुमच्याकडेही आली असतील. त्या गर्दीत आपण सुक्या मेव्याचा केक नेऊन ठेवला तर ते गोड हसून घेतील आणि कपाटात चौथ्या केकवर पाचवा चढेल. त्यांना द्या धोणस. आपल्या घरचा तोच खरा जुना केक. खाली-वर निखारे ठेवून टोपात भाजलेली तवशाची (मोठ्या काकडीची) किंवा फणसाची धोणस आपल्या आज्या करत होत्या, तेव्हा ओव्हन नावाची वस्तू कोणी पाहिलीही नव्हती. चवथीला नेवऱ्या आणि दिवाळीला फराळ जातो तसंच नाताळाला धोणस जाऊ दे. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती चव ओळखीची असते आणि पोरांना नवी.

तवसं जून, पिवळं झालेलं घ्या. पावसाळ्यातली तवशी आढ्याला टांगून ठेवलेली असतील तर उत्तम, नाहीतर बाजारात मोठी काकडी मिळतेच. देठाकडचा तुकडा आधी चाखा. कडू निघालं तर सगळी मेहनत फुकट. दोन वाट्या किसलेलं तवसं त्याच्या पाण्यासकट, दीड वाटी गूळ आणि वाटीभर ओलं खोबरं एकत्र उकळायला ठेवा. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा तुपावर वास सुटेपर्यंत भाजून त्यात घाला, चिमूटभर मीठ, वेलची, काजूचे तुकडे. कडेनं सुटायला लागलं की तूप लावलेल्या भांड्यात थापून १८० अंशांवर पाऊण तास, वरून खरपूस होईपर्यंत. गरम कापू नका, भुगा होतो. ही बाहेर जेमतेम दोन दिवस टिकते, म्हणून आदल्या दिवशी करायची आणि पोचवताना तसं सांगायचं. त्यांच्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तर बरीच कुटुंबं नाताळाचं गोड करत नाहीत. अशा घरी तर तुमचं ताट आवर्जून जायला हवं, आणि गाजावाजा न करता.

आता वार. आपल्याकडे सोमवार-गुरुवार कितीतरी घरांत नुस्तं, म्हणजे मासे, शिजत नाही, तिथं अंडंही चालत नाही. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार बहुतेक वर्षी डिसेंबरातच येतात, महालक्ष्मीचं व्रत असतं. बुधवारी संध्याकाळी अंड्याचा केक नेऊन दिलात तर तो शुक्रवारपर्यंत उघडला जाणार नाही. सुक्या मेव्याच्या केकला त्यानं काही होत नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशी कर्नाटकातल्या असतील तर त्यांच्या घरी अंडं अजिबात चालत नसेल अशी शक्यता धरा आणि सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, गृहीत धरण्यात आहे. ‘बिनअंड्याचा’ असं लिहून देणार असाल तर साचे, बीटर, चमचे स्वच्छ धुऊन तो घाणा सर्वांत आधी काढा.

रमचीही तीच गोष्ट. ‘भाजल्यावर दारू सगळी उडून जाते’ असं छातीठोक सांगितलं जातं ते खरं नाही. काही अंश राहतोच, आणि वरून रम लावली असेल तर चांगलाच राहतो. मुसलमान कुटुंब, माळकरी माणूस, दारू सोडलेला कोणी, लहान मुलांचं घर, यांना संत्र्याच्या रसातला केक द्या. फेणी घालू का, असंही पुष्कळ जण विचारतात, गोव्याची म्हणून. काजूफेणीचा दर्प भाजूनही हटत नाही आणि दालचिनी-जायफळाला गिळून टाकतो. ज्याला आवडते त्याला बाटलीच द्यावी, केकमध्ये माझ्या मते रमच बरी.

एका घाण्याचं प्रमाण देते. यातून साधारण साडेतीनशे ग्रॅमचे चार लोफ होतात आणि तुमच्या ओटीजीत मधल्या जाळीवर ते चारच नीट बसतात, मध्ये बोटभर जागा सोडून.

सुका मेवा ५०० ग्रॅम: काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साखरेत मुरवलेली साल, थोडी टुटीफ्रुटी (ती कच्च्या पपईचीच असते, तेव्हा तिला फार भाव देऊ नका). काजू यात धरू नका, ते भिजवायचे नसतात. खजूर-मनुका बारीक कापा, नाहीतर केक कापताना सुरी अडकते आणि काप मोडतात. हे सगळं काचेच्या बरणीत मेवा बुडेल एवढ्या रममध्ये, कोरड्या चमच्यानं हलवत, आठवडा-दोन आठवडे मुरू द्या. वर्षभर मुरवणारे लोक आहेत, पण ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या) सुमाराला भिजवलंत तरी काम होतं. मेवा रममध्ये बुडालेला हवा. वर तरंगणारी मनुकाच आधी बुरसते. रसाचा करायचा तर मेवा संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळा, गार करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका. तो आठवडे मुरवण्याचा प्रकार नव्हे, आंबेल.

कॅरमल हाच या केकचा रंग आणि अर्धी चव. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच ठेवा. कडेनं वितळेल, सोनेरी होईल, मग तांबडी. इथं बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात आणि केक फिकट निघतो. आणखी थोडं थांबा. रंग गडद तपकिरी होतो, कडेला बारीक फेस येतो, धुराची पहिली रेघ दिसते आणि वास गोडाचा कडवट होऊ लागतो. त्या क्षणी गॅस बंद करून ६० मिली कडकडीत गरम पाणी, हात लांब ठेवून, थोडं थोडं ओता. फुत्कार टाकून उसळेल, तोंड बाजूला ठेवा, पोरांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. गार पाणी घातलंत तर साखरेचा दगड होतो. हा पाक पूर्ण गार होऊ द्यायचा.

पुढचं तुम्हाला येतंच. २५० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम पिठीसाखर (बाकीची पाकात गेली), ५ अंडी, २५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-लवंग-जायफळाची मिळून एक चमचा पूड, मूठभर काजू. काजूपाकळी घ्या, अख्ख्या काजूचे पैसे कशाला? कापायचेच आहेत. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बोट दाबल्यावर खळगा पडेल इतपतच मऊ हवं. दुपारी बाहेर ठेवलेलं बटर आपल्याकडे तासाभरात तेल होतं, मग ते फेटून फुलत नाही. अंडी एकेक घाला. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाका, सावरतं. पाक घाला, मैदा-मसाला दुमडून मिसळा, शेवटी मेवा. मेवा आधी गाळून घ्या आणि गाळलेली रम ठेवून द्या, टाकू नका. मेव्याला थोडा मैदा चोळला की तो तळाला बसत नाही.

साच्याला बटर पेपरचं दुहेरी अस्तर लावा. आच १५० अंश, त्याहून जास्त नको. एवढा गोड, एवढा मेवा भरलेला केक जोरात भाजला की बाहेरून करपतो, आत ओला राहतो. साधारण तास लागेल. ५० मिनिटांनी सळी घालून बघा, सळीला मनुकेचा चिकटपणा लागेल तो वेगळा आणि कच्चं पीठ वेगळं. अर्ध्या वेळानंतर वरून फॉइल नुसतं ठेवा, ओटीजीची वरची कांडी जवळ असते. आणि लाईट गेली तर दार उघडू नका. स्पंज बसेल, हा केक बसत नाही. पंधरा-वीस मिनिटं आतल्या उष्णतेवर निभावतो, लाईट आल्यावर तेवढी वेळ वाढवून द्या.

केक गरम असतानाच गाळलेली रम ब्रशनं वरून लावा. मग रात्रभर गार होऊ द्या. रात्रभर म्हणजे रात्रभर. वरून गार लागला तरी पोटात ऊब असते. तसाच गुंडाळला की आत वाफेचे थेंब जमतात आणि आठवड्यात हिरवी बुरशी. ज्यांचे केक खराब होतात त्यांचे बहुतेक इथंच होतात, भाजण्यात नाही. पहिला पदर बटर पेपरचा, त्यावर फॉइल. फॉइल थेट केकला लावलं की मेव्यातल्या आंबटपणानं त्याला बारीक भोकं पडतात. रमचा केक असा गुंडाळून हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे सहज राहतो आणि आठवड्यानं जास्त चांगला लागतो. रसाचा पाच-सहा दिवस, त्यानंतर फ्रिज. मुंग्यांचं सांगायला नको; डबा पाण्याच्या परातीत ठेवा.

बिनअंड्याचा रवा-खोबऱ्याचा केक सोपा. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २००, फार आंबट नसलेलं दही २००, वितळलेलं तूप किंवा बटर १००, ताजं खोबरं बारीक वाटून १०० ग्रॅम, दूध १०० मिली. हे मिसळून दोन तास झाकून ठेवा. रवा पाणी पितो, हे थांबणं टाळलंत तर केक खाताना कचकचतो. नंतर घट्ट वाटलं तर आणखी दूध. भाजायच्या अगदी आधी एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, वेलची. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. ओल्या खोबऱ्यामुळे हा बाहेर दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

नर्सेसना अख्खा केक देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. वॉर्डात सुरी नसते, बशा नसतात, हात धुवून निवांत बसायला वेळ नसतो, आणि सकाळच्या पाळीनं उघडलेला केक रात्रपाळीपर्यंत उरत नाही. दोन लोफ घरीच कापा, एकाचे आठ काप, प्रत्येक काप बटर पेपरमध्ये टॉफीसारखा पिळून बांधा. तीन पुड्या करा आणि त्यांवर ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असं मोठ्या अक्षरांत लिहून इन्चार्ज सिस्टरकडे द्या. सासूबाई दाखल होत्या तेव्हा रात्री बेडपॅन द्यायला धावलेली मुलगी बहुतेक रात्रपाळीचीच होती ना?

डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत देऊ नका. तपासणीची वेळ नसताना, कसलाही कागद किंवा सर्टिफिकेट मागायचं नसताना द्या. पोस्टमन, पंचायत, वीज खातं, सगळीकडे हेच. काम अडलेलं असताना दिलेला केक आभाराचा राहत नाही आणि घेणाऱ्यालाही अवघड होतं.

प्रत्येक केकवर एक चिठ्ठी हवी, दोन भागांत. खालच्या भागात कोरडी माहिती: अंडी आहेत की नाहीत, रम आहे की नाही, काजू आहेत, मैदा आहे, कोणत्या तारखेला केला, कधीपर्यंत खावा. वरच्या भागात आभार, पण छापील नको. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ हे बँकेच्या पत्रात शोभतं. डॉक्टरांना लिहा की आई आता काठी न घेता परसातल्या तुळशीपर्यंत जातात. टीचरना लिहा की तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा त्यांनी मुलीला संध्याकाळी सातपर्यंत बसवून घेतलं, जेवायला घातलं. घडलं ते एक वाक्य लिहिलं की पुरे. बांधायला साधी खाकी पिशवी आणि सुतळी चालते. डबा स्टीलचा देऊ नका. आपल्याकडे कोणी भांडं रिकामं परत करत नाही, मग त्या बाईला आधी पदार्थ सुचायला हवा, नंतर यायला हवं. आभार मानायला गेलात आणि तिला काम लावून आलात.

तारखांचं म्हणाल तर रमचे मेव्याचे केक १० ते १५ डिसेंबरच्या दरम्यान, दोन संध्याकाळी, रोज दोन घाणे. वाटप २० ते २२ ला उरकून टाका. २४ ला कोणी घरी भेटत नाही, २५ नंतर कोणाला गोड नको असतं. एखादं घर राहिलंच तर घाईनं २६ ला जाऊ नका, ६ जानेवारीच्या रेईसच्या, म्हणजे तीन राजांच्या, फेस्तापर्यंत थांबलात तरी चालतं. तोवर घराघरातलं गोड संपलेलं असतं आणि रमचा केक ऐन भरात आलेला असतो.

केक खाऊन कोणी ‘मला चार करून द्याल का, पैसे देते’ म्हणालं तर तिथं मामला बदलतो. विकायचं झालं की घरून करत असलात तरी अन्न सुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. भेट म्हणून द्यायला लागत नाही.

राहिल्या मावशी आणि पोस्टमन. तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण यादीत त्यांची नावं शेवटी आहेत म्हणून सांगते. केक पैशांच्या बदली देऊ नका. मावशींचा बोनस चवथीला किंवा दिवाळीला जो ठरलेला असेल तो पुरा दिलेला असू दे, आणि त्या वर्षी त्यांनी सासूबाईंचं जास्तीचं केलं असेल तर त्याचे पैसे वेगळे. पोस्टमनलाही नेहमीचं पाकीट द्या. केक त्याच्यावर. आणि तो डॉक्टरांच्या केकएवढाच असू दे, कडेचा मोडका लोफ त्यांच्याकडे ढकलू नका. मोडका निघाला तर घरी चहाबरोबर खा, आमच्याकडे तेच होतं.